पाटाकाठची सपाट वाट

पुण्यात सकाळी फिरणाऱ्यांचे दोन पंथ आहेत, टेकडीवाले आणि कालव्यावाले. टेकडीवाले स्वतःला अंमळ श्रेष्ठ समजतात. गुडघे कुरकुरू लागल्यावर मी दुसऱ्या पंथात आलो आणि चालता चालता मला या पाटाचाच नाद लागला. अभियांत्रिकीचे शिक्षण माझ्यापाशी नाही. जुने गॅझेटिअर आणि एका निवृत्त पाटकऱ्याशी झालेल्या गप्पा, एवढीच शिदोरी.

मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो. ते धरण 1870च्या दशकातले. फाईफ या इंजिनीअरच्या नावावरून जलाशयाला ‘लेक फाईफ’ म्हणत. शहराला व लष्कराला पाणी पुरवायचे आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात शेती भिजवायची, असा दुहेरी हेतू होता. डावा कालवा खडकीकडे जाई. त्याची खूण लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या ‘कॅनॉल रोड’ या नावात उरली आहे. उजवा अजून वाहतो. पर्वतीचा पायथा, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, हडपसर करीत पुढे दौंड-इंदापूरकडे जातो.

त्याच्या काठची वाट इतकी सपाट का? पाटाला पंप नसतो, पाणी आपल्या वजनानेच पुढे सरकते. उतार जास्त दिला तर ते काठ खरवडते, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून आखणी समपातळीच्या रेषेला धरून, डोळ्याला न कळेल इतकाच उतार देत करतात. टेकडी आली की पाट तिला वळसा घालतो. काठचा रस्ता मुळात आपल्यासाठी नव्हेच. गळती पाहत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तो ठेवलेला. गुडघेदुखीवाल्यांची सोय आपोआप झाली.

प्रवाहाच्या दिशेने पर्वतीजवळून चाललात तर उजव्या हाताला टेकडी आणि डाव्या हाताला खाली वस्ती दिसेल. उजवा काठ खोदून काढलेला, डावा पुष्कळ ठिकाणी मातीच्या भरावाचा. पाटातले पाणी डावीकडच्या घरांपेक्षा उंचावर असते, हे चालताना ध्यानात येत नाही. 27 सप्टेंबर 2018 रोजी जनता वसाहतीपाशी हा काठ फुटला आणि भर दुपारच्या आधी, पाऊस नसताना, दांडेकर पुलाजवळची घरे पाण्यात गेली. तेव्हा उंदीर, घुशी, खेकड्यांवर बोट ठेवले गेले आणि सारे शहर हसले. मला हसू आले नाही. बिळांनी भराव खरोखरच पोकळ होतो. पण बिळे वेळेत शोधणे हेच तर निरीक्षणाचे काम ना?

पाटकरीबुवांनी मला एक साधी परीक्षा शिकवली. भरावाच्या पायथ्याशी पाझर दिसला तर त्याचा रंग पाहायचा. नितळ असेल तर लक्ष ठेवायचे; गढूळ असेल तर पाण्याबरोबर आतली माती बाहेर येते आहे, म्हणून त्याच दिवशी कळवायचे. भरावावरच्या मोठ्या झाडांबद्दलही त्यांची कुरकुर असे. मूळ कुजले की पाण्याला आयती नळी मिळते. सावली हवी असलेल्या आम्हा फिरणाऱ्यांना हे ऐकवत नाही.

आणखी एक. आवर्तन सुरू असताना मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. अस्तराचा उतार शेवाळाने गुळगुळीत असतो. आत जाणे सोपे, बाहेर यायला हाताला धरायला काही नाही.

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायची योजना आहे. बाष्पीभवन, गळती, चोरी वाचेल. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर मला विरोध करता येत नाही. मात्र मोकळ्या होणाऱ्या या पट्ट्यावर वाहनांचा रस्ता आला, तर शहराच्या मधोमध मैलोगणती सपाट चालता येईल अशी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी ती राखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन वर्षांपूर्वी मला एके ठिकाणी गढुळसर पाझर दिसला. एका कचेरीत कळवायला गेलो, तर टेबलामागून प्रश्न आला, “आपण कोण?” “रोज फिरायला जातो,” म्हणालो. अर्ज ठेवून घेतला, पोच मिळाली नाही. दहा दिवसांनी आवर्तन संपले आणि पाझर आटला. तेव्हापासून पिशवीत एक काचेची बाटली असते. पाट वाहता असला की त्या जागी थांबतो, पाणी भरून घेतो आणि उजेडात धरून पाहतो.