कोबीवरचें मेण

भिवंडीनजीकच्या आमच्या वळ गांवीं एकदां एक शेजारीणबाई कोबीचा गड्डा घेऊन माझ्याकडे आल्या. बाहेरच्या पानांवर निळसर पांढरी झांक होती. बोट फिरविलें कीं पुसली जाई. "मास्तर, भाजीवाल्यानें मेणबत्तीचें मेण चोपडलें आहे, टाकूनच देतें," असें त्यांचें म्हणणें. मेण होतें खरेंच. पण चोपडणारा भाजीवाला नव्हता.

हें मेण कोबीचें रोप आपल्या पानांच्या सालींतच तयार करतें. त्यांतील एक मुख्य पदार्थ नॉनाकोसेन. २९ कार्बन-अणूंची सरळ सांखळी व तिला लागलेले ६० हायड्रोजन-अणु, एवढीच त्याची घडण. रंग पांढरा, सुमारें ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतो, पाण्यांत विरघळत नाहीं. पाण्याशीं असें वैर असल्यामुळेंच कोबीवर पडलेला थेंब गोळी होऊन घरंगळतो. अळवावरचें पाणी आपल्या बोलण्यांत नेहमींचें. तेथेंहि कारण मेणाचेंच. पानाला मात्र याहून मोठी काळजी असते ती आंतलें पाणी उन्हांत उडून जाईल याची.

आतां मेणबत्तीचें पॅराफिनहि अशाच सांखळ्यांचें बनलेलें. मग दोहोंत भेद कोणता? मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पण हें कळायला बेरीज-वजाबाकी पुरे. वनस्पति स्निग्धाम्लें रचतांना कार्बन दोन-दोन करून वाढविते, म्हणून आंकडा सम येतो: २८, ३०, ३२. पुढें त्या आम्लापासून हें मेण होतांना टोंकाचा एक कार्बन गळतो. ३० चे २९ उरतात, ३२ चे ३१. म्हणून पानांवरील अशा सांखळ्यांत विषम आंकड्यांचाच भरणा फार. मधमाशीच्या मेणांतहि २७, २९, ३१ याच मुख्य. खनिज तेल हेंहि मूळचें जीवांच्या अवशेषांचेंच. पण भूगर्भांतील उष्णतेनें लक्षावधि वर्षांत सांखळ्या वाटेल तेथें तुटतात आणि सम-विषमांतला भेद जवळजवळ पुसला जातो. पॅराफिन निघतें तें त्या तेलांतून. डोळ्यांना हें दिसणें नाहीं. प्रयोगशाळेंत गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर मात्र लांबीप्रमाणें सांखळ्या वेगळ्या होतात. खाडीच्या गाळांतील मेण झाडापानांचें कीं सांडलेल्या तेलाचें, तेंहि याच हिशेबानें ताडतात.

शेजारीणबाईंना एवढें पुराण सांगितलें नाहीं. हें मेण पोटांत फारसें पचत नाहीं, बहुतेक तसेंच बाहेर पडतें, इतकेंच सांगितलें. गुरांनीं किती चारा खाल्ला हें काढण्यासाठीं शास्त्रज्ञ याच गुणाचा उपयोग करतात: ३२ कार्बनांचें मेण मोजून चारावयाचें आणि शेणांत त्याचें चाऱ्यांतल्या ३१ किंवा ३३ शीं प्रमाण पाहावयाचें. फवारलेल्या औषधाची धास्ती मात्र मला खोटी वाटत नाहीं. म्हणून बाहेरचीं पानें काढून, बाकीचा गड्डा धुऊन घ्या म्हटलें, तेव्हां तो घेऊन त्या घरीं गेल्या.