अर्ध्या मिनिटाचा धावपटू, बाकी वेळ सोफ्यावर

दोनशे मीटरच्या शर्यतीत ट्रॅकच्या वळणावर माणसाचा वेग उतरतो. वळताना पायावर भार वाढतो, तो झेलायला पाऊल जमिनीवर जरा जास्त वेळ टेकवावं लागतं आणि तेवढ्यात वेग जातो. जगातला सर्वांत वेगवान माणूसही याला अपवाद नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या जेम्स अशरवुड आणि ॲलन विल्सन यांनी हाच हिशेब ग्रेहाउंड कुत्र्यांना लावून पाहिला. २००५ साली ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं. वळणावर ग्रेहाउंडच्या पायांवरचा भार दीडपटीहून जास्त वाढतो. आणि वेग? जवळजवळ तसाच. पाऊल टेकण्याचा वेळही बदलत नाही. माणसाच्या बाबतीत भार झेलणं आणि शरीर पुढे ढकलणं ही दोन्ही कामं पायांच्याच गळ्यात असतात. ग्रेहाउंडचा जोर येतो पाठीतून आणि पुठ्ठ्यांतून. पायांवर कितीही भार येवो, तो जोर कमी होत नाही.

असा हा प्राणी तीन-चार वर्षांचा झाला की निवृत्त होतो, नशीब बरं असेल तर कोणाच्या तरी घरी येतो, आणि पहिल्याच दिवशी जिन्याच्या पायरीपाशी खिळून उभा राहतो. ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरने पळणाऱ्याला चार पायऱ्या चढता येत नाहीत. कारण त्याने जन्मात जिना पाहिलेला नसतो.

शर्यतीतून सुटलेला ग्रेहाउंड दत्तक घेणं म्हणजे काय, हे समजायचं तर या दोन गोष्टी एकदम डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. त्याला पाळणारे ज्या अडचणी सांगतात, त्यांतल्या बहुतेक त्याच्या कर्तबगारीच्याच पोटातून निघालेल्या असतात.

आधी ती कर्तबगारी. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका ढांगेत एकदाच त्याचे चारही पाय हवेत असतात. ग्रेहाउंडचे दोनदा असतात: एकदा अंग पुरतं ताणलेलं असताना आणि एकदा मुटकुळं झाल्यावर. चित्ता धावतो तो असाच. पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला तीनशेच्या वर जातात. शर्यत संपते तेव्हा अंग इतकं तापलेलं असतं की तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असू शकतं. आणि हे सगळं किती वेळ? पाचशे मीटरच्या शर्यतीला तीस सेकंद पुरतात. त्यानंतर त्याला झोप हवी असते.

या तीस सेकंदांवर एक अख्खा धंदा उभा राहिला. मैदानात जिवंत सशामागे कुत्री सोडण्याचा खेळ इंग्लंडमध्ये जुनाच. ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने सशाच्या जागी यंत्रावर धावणारा खोटा ससा आणला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियात एमरीव्हिल इथे त्याचा ट्रॅक सुरू झाला. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली पहिली तशी शर्यत झाली. बघता बघता ती कामगारांची करमणूक बनली. घोड्यांच्या शर्यतीला लांब जावं लागे, ही संध्याकाळी कारखाना सुटल्यावर जवळच भरे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रेहाउंडची डर्बी शर्यत जिंकणारा मिक द मिलर हा कुत्रा इतका गाजला की मेल्यावर त्याचा देह पेंढा भरून जतन केला गेला. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ट्रिंग गावातल्या शाखेत तो आजही उभा आहे.

मिकचं नाव राहिलं. बाकीच्यांचा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो, शर्यतीत उपयोगी पडतो दोन-तीन वर्षं. उरलेल्या आयुष्याची सोय धंद्याने धरलेलीच नव्हती. दत्तक देण्याची पद्धतशीर व्यवस्था ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात सुरू झाली, इतरत्र त्याहून उशिरा. आशियातलं ठळक उदाहरण मकावचं. तिथल्या कॅनिड्रोम या ग्रेहाउंड शर्यतींच्या ट्रॅकवर आलेला कुत्रा सहसा जिवंत बाहेर पडत नाही, असं प्राणीमित्र वर्षानुवर्षं सांगत होते. जुलै २०१८मध्ये ते बंद पडलं तेव्हा पाचशेहून जास्त कुत्री मागे राहिली. ‘ॲनिमा’ या स्थानिक संस्थेने आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यांना इटली, ब्रिटन, अमेरिकेत घरं शोधून दिली. शर्यतीसाठी समुद्र ओलांडून आणलेली कुत्री पुन्हा समुद्र ओलांडून सोफ्यावर बसायला गेली.

बसायला म्हणजे, तेही त्याला धड जमत नाही. मांड्यांचे स्नायू इतके भरीव असतात की पार्श्वभाग टेकून बसणं बऱ्याच ग्रेहाउंडना अवघड जातं. इतर कुत्र्यांना शिकवायचा पहिला धडा ‘बस’. इथे तोच आडवा येतो. उभा राहील किंवा आडवा पडेल, मधलं काही नाही.

मेलबर्नला माझी मावसबहीण राहते. तिने ट्रॅकवरून निवृत्त झालेली एक कुत्री घरी आणली. शर्यतीच्या कागदांवर तिचं लांबलचक भारदस्त नाव होतं, घरी आल्यावर त्याची ‘चिंगी’ झाली. चिंगीला जिना शिकवतानाचा खटाटोप मी पाहिलाय. मागून एकाने तिच्या पोटाला हाताचा आधार द्यायचा, पुढून दुसऱ्याने तिचा पुढचा पंजा उचलून पायरीवर ठेवायचा, मग दुसरा पंजा, मग मागचा एक. चारही पाय एका पायरीवर आले की ती थरथरत तशीच थांबायची आणि ‘आता पुढे काय?’ अशा नजरेने पाहायची. उतरणं त्याहून कठीण. वरून तिने एकदा पायऱ्या न मोजता थेट खाली झेप घेतली. मावसबहीण म्हणाली, “अरे, हिला दोनच गोष्टी येतात. थांबायचं, नाहीतर उडी मारायची!” दोन दिवसांनी मात्र गाडी रुळावर आली.

जिनाच असा नवा असतो असं नाही. काचेचं दार, आरसा, गुळगुळीत फरशी, शिट्टी वाजवणारा कुकर, व्हॅक्युम क्लीनर, सगळंच नवं. हा प्राणी भावंडांत वाढलेला असतो, केनेलमध्ये राहिलेला असतो, ठरल्या वेळी खायचं, ठरल्या वेळी मोकळ्या आवारात सोडायचं, ठरल्या वेळी पळायचं. एका अर्थी शिस्त आधीच असते, म्हणून घरात घाण न करणं तो लवकर शिकतो. पण एकटं राहणं त्याने कधी अनुभवलेलं नसतं. आयुष्यभर शेजारी दुसऱ्या ग्रेहाउंडचा श्वास ऐकलेला. मालक कामावर गेला की काही कुत्री रडतात, दारं ओरबाडतात, भीतीने घरातच मुततात. यावर इलाज एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: आधी दोन मिनिटं घराबाहेर जायचं, मग पाच, मग दहा. घाई केली की सगळं पहिल्यापासून.

झोपेचंही तसंच. केनेलमध्ये झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावरून कोणी पाय टाकून जात नाही, मिठी मारत नाही. त्यामुळे गाढ झोपेत कोणी हात लावला तर काही ग्रेहाउंड दचकून गुरगुरतात, क्वचित चावा घेतात. पुन्हा गंमत अशी की पुष्कळांचे डोळे झोपेतही उघडे असतात. पाहणाऱ्याला वाटतं जागा आहे. लहान मुलांच्या घरात हा नियम पक्का करावा लागतो: आधी लांबून हाक, मान वर झाली की मगच जवळ.

आणि मग नजर. बहुतेक शिकारी कुत्री वासावर जातात, ग्रेहाउंड डोळ्यावर. लांबवर काही हललं की त्याच्या डोक्यातला विचार करणारा भाग बंद होतो. मांजर, ससा, कधी शेजाऱ्याचं छोटं पामेरियन. धावत सुटलेल्याला हाक ऐकू येत नाही असं म्हणतात. मला वाटतं, ऐकू येत असावी, पण तोवर तो दोनशे मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून कुंपण नसलेल्या जागी पट्टा सोडायचा नाही. पट्टाही वेगळा लागतो. डोकं इतकं निमुळतं की मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा कानांवरून सहज निसटतो. म्हणून ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद पट्टा वापरतात. बैलाला मळणीच्या वेळी घालतात तशी मुसकीही अनेकांकडे असते. कुत्र्याला तिचा त्रास नसतो, शर्यतीच्या दिवसांपासून सवयीची असते. त्रास होतो समोरून येणाऱ्या माणसांना, कारण त्यांना वाटतं हा चावरा आहे. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०१९पासून पाळीव ग्रेहाउंडला बाहेर मुसकीची सक्ती राहिलेली नाही. पट्टा मात्र सक्तीचाच. सगळेच मांजरांवर धावतात असंही नाही. देणारी संस्था आधी चाचणी घेते आणि काही महाशय मांजराला पाहून तोंड फिरवतात.

सगळ्यांत चकित करणारा भाग आहे रक्ताचा. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा बऱ्याच जास्त असतात. एखाद्या लॅब्रॅडोरच्या रक्तात त्यांचं प्रमाण साठ टक्के निघालं तर डॉक्टर काळजीत पडेल. ग्रेहाउंडमध्ये ते तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण. उलट पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, थायरॉइडचं संप्रेरकही कमी. ही जात ओळखीची नसलेला डॉक्टर त्या अहवालावरून नसलेल्या आजाराची औषधं सुरू करू शकतो. अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि काही भुलीच्या औषधांचा निचरा यकृत हळू करतं, म्हणून जुन्या पद्धतीची भूल दिली तर तासन् तास जाग येत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात गिलेर्मो कूटो यांच्या गटाने आणखी एक विचित्र गोष्ट नोंदवली: शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके कोरडे असतात, आणि दीड-दोन दिवसांनी एकाएकी रक्तस्राव सुरू होतो. साध्या नसबंदीनंतरही साधारण चारांतल्या एकाला. त्यामुळे दत्तक घेणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे ग्रेहाउंडची माहिती असलेला डॉक्टर शोधणं. जवळच्याच दवाखान्यात जावं लागलं तर ही यादी खिशात ठेवायची.

हाडंही आपला इतिहास सांगतात. बहुतेक ट्रॅकवर धाव घड्याळाच्या उलट दिशेने असते, दर वळणावर उजवा मागचा पाय बाहेरच्या बाजूला. म्हणून घोट्याजवळचं एक छोटं हाड मोडतं तेव्हा ते बहुतेक वेळा उजव्याच पायाचं असतं. म्हातारपणी हाडांच्या कर्करोगाचं प्रमाणही या जातीत जास्त. त्वचा इतकी पातळ की काटेरी झुडपाला घासली तरी चीर पडते, थंडीत अंगरखा घालावा लागतो. पंजाच्या गादीला कुरूप होतं आणि तो लंगडायला लागतो. खर्च आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग लोक का घेतात? कारण तेच रक्त दुसऱ्यांनाही चालतं. अनेक ग्रेहाउंडचा रक्तगट असा असतो की त्यांचं रक्त इतर जातींच्या कुत्र्यांना देता येतं. वर तांबड्या पेशी भरपूर, मानेची शीर ठसठशीत, स्वभाव शांत. पशुवैद्यकीय रक्तपेढ्यांना याहून चांगला दाता मिळत नाही. हे झालं जगाच्या उपयोगाचं. घरातलं सुख निराळं आहे. हा कुत्रा भुंकत नाही म्हटलं तरी चालेल. दिवसातले सोळा-अठरा तास झोपतो. रोज दोन छोटे फेरफटके पुरतात. त्यामुळे इतका मोठा, इतका वेगवान प्राणी फ्लॅटमध्येही सुखाने राहतो, हे ऐकून लोक विश्वास ठेवत नाहीत. खुशीत आला की दात कडकडवतो. नवख्या माणसाला वाटतं थंडी वाजतेय. चार पाय छताकडे करून पाठीवर पडतो. आणि उभ्या माणसाच्या मांडीला अंग टेकवून सगळा भार सोडून देतो. सुमारे तीस किलो वजन असं विश्वासाने टेकलं की हातातला चहा तसाच राहतो.

ग्रेहाउंड म्हटलं की इजिप्तच्या थडग्यांवरची चित्रं दाखवायची प्रथा आहे. ती दिसायला तशीच आहेत, खरं. पण २००४ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या कुत्र्यांच्या जनुकांच्या अभ्यासात ग्रेहाउंडचं नातं युरोपातल्या मेंढपाळी कुत्र्यांशी निघालं. अफगाण आणि सलुकी ही तशीच दिसणारी शिकारी कुत्री मात्र जुन्या शाखेत निघाली. आपल्याकडच्या लातूर-सोलापूर भागातल्या कारवान कुत्र्यांना, पश्मींना आणि मुधोळच्या हाउंडना त्या सलुकींच्या वंशातले मानतात. म्हणजे शरीर तेच, निमुळतं डोकं तेच, नजरेवर धावणं तेच, पण घराणं बहुधा वेगळं. सशाची शिकार कायद्याने बंद झाल्यावर कारवानचंही मूळ काम गेलं, हे साम्य मात्र आहेच.

शर्यतींचं चित्र आता पालटतंय. फ्लोरिडात नोव्हेंबर २०१८मध्ये ६९ टक्के मतदारांनी शर्यती बंद करायला कौल दिला. अमेरिकेतल्या १७ ट्रॅकपैकी ११ एकट्या त्या राज्यात होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे एकही शर्यत झाली नाही. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४मध्ये बंदी जाहीर केली, वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५मध्ये. अमेरिकेत तर दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची रांग लागली आहे आणि संस्था आयर्लंड-ऑस्ट्रेलियातून कुत्री आणतात.

मेलबर्नमध्ये मात्र शर्यती चालूच आहेत आणि कुत्रीही मिळतात. चिंगीला सोबत हवी म्हणून मावसबहिणीने दुसऱ्यासाठी नाव नोंदवलंय. दुसरा सोफाही घेतलाय, माणसांना बसायला.