गाडीचे पाणी जाते कुठे?

भिवंडीहून नाशिकला कापड नेताना कसारा घाटात आमच्या गाडीचे इंजिन तापले. महिनाभर आम्ही रोज पाणी ओतत होतो, गळती मात्र शोधली नव्हती. हेड गॅस्केट गेले. सीझनची कमाई गॅरेजात गेली.

व्यापारी बांधवांनी एवढे करावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी अगदी पुढे ओल दिसली तर रेडिएटर व होज पाइप पाहावेत. पट्ट्याच्या बाजूला दिसली तर वॉटर पंप. क्लिप सैल असेल तर आवळावी. पाइप फुगला, चिरला असेल तर बदलावा. बाहेर ओल नाही, तरी पाणी घटते आणि पांढरा धूर सुटतो, तर गॅस्केटचा संशय धरावा. गाडी चालवू नये. इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाने उकळते पाणी अंगावर येते.

पाणी ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.