पिकअप चार इंच उचलली तर?

पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या गणेशमूर्ती मुंबईकडे जातात त्या मुंबई–गोवा महामार्गाने, कर्नाळ्याची खिंड ओलांडून. १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आपल्याला या वाटेवरच लागते. शाळेच्या सहलीत मुलांची नजर झाडांकडे किंवा किल्ल्याच्या उंच सुळक्याकडे असते. पण याच खिंडीत रस्त्याकडे पाहिले, तर यंत्रशास्त्राचा एक चांगला धडा तेथेही सापडतो.

हा धडा आम्हाला एका माजी विद्यार्थ्यामुळे मिळाला. कर्नाळ्याजवळच्या एका गावात त्याचे घर आहे. त्याच्याकडे मालवाहू पिकअप आहे. गणपतीआधी मूर्ती, एरवी विटा, भाताची पोती, पेंढा, जे मिळेल ते भाडे तो करतो. पावसाळ्यापूर्वी तो भेटला तेव्हा म्हणाला, “सर, गाडी मागून फार बसते. खड्ड्यात आपटते. चार इंच उचलून घेतो. ठोकळे आणि लांब यू-बोल्ट आणलेत. घरीच बसवतो, रविवारी या बघायला.”

आम्ही गेलो. अंगणात गाडी जॅकवर उभी होती आणि आधाराला खाली विटा रचलेल्या होत्या. आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती विटांबद्दल. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्यातले तेल किंचित गळले तरी तो बसतो. वीट ठिसूळ असते, एका कडेवर भार आला की सूचना न देता फुटते. गाडीखाली शिरायचे असेल तर सपाट, टणक जमिनीवर लोखंडी घोडे हवेत आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण हवी. गाडी खाली उतरवली, चहा आला, आणि मग खऱ्या प्रश्नाला हात घातला : चार इंच उचलल्याने नेमके काय बदलते?

पाटा करतो काय?

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर पोलादी पट्ट्यांची कमानदार चवड असते. गॅरेजच्या भाषेत तिला ‘पाटे’ म्हणतात. ही चवड यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेली असते आणि तिची दोन टोके चासीला जोडलेली असतात. भार पडला की कमान सपाट होऊ लागते. भार काढला की पूर्ववत होते. जेवढा भार तेवढे दबणे, हा हूकचा नियम येथे बराचसा लागू पडतो.

पट्ट्यांची चवड कशासाठी, एकच जाड पट्टी का नाही? पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. दोन वेगळ्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर मात्र तो दुप्पटच होतो, कारण वाकताना त्या एकमेकींवरून सरकू शकतात. म्हणजे ताकद वाढवायची आणि लवचिकपणाही राखायचा, तर चवडच सोयीची. शिवाय पट्ट्या घासल्या जाताना थोडी ऊर्जा खर्च होते, त्यामुळे गाडीचे हिंदोळणे लवकर थांबते.

उंची वाढवायचे तीन सर्रास मार्ग आहेत. पहिला, चवडीत जादा पाटे घालणे. दुसरा, आहेत त्याच पाट्यांना भट्टीत तापवून, ठोकून जास्त कमान देणे. तिसरा, ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टांनी आवळणे. बाजारात ‘लिफ्ट किट’ म्हणून जे मिळते, त्यात बहुधा मागच्या चाकांसाठी ठोकळे किंवा पाटे असतात आणि पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर तिच्यावर बसवायच्या जाड कड्या असतात.

दुसरा मार्ग स्वस्त वाटतो, पण फसवा आहे. गावातला लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’, म्हणजे तापवून एकदम थंड करतो, हे मुलांना ठाऊक असते. जुन्या पाट्यांपासून उत्तम कोयते होतात हेही पुष्कळांनी पाहिलेले असते. पाट्याचे पोलादही कारखान्यात असेच कठीण करून, मग ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून चिवट केलेले असते. भट्टीत लाल झालेल्या पाट्याचा हा संस्कार पुसला जातो. तो पुन्हा नीट केला नाही, तर नवी कमान थोड्याच दिवसांत बसते किंवा पाटा मोडतो.

पहिल्या मार्गात वेगळी अडचण आहे. जादा पाट्यांनी गाडी उंच होते, पण कडकही होते. यासाठी एक सोपे सूत्र वापरता येते. स्प्रिंग भाराखाली किती सेंटिमीटर दबली ते मोजा, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे गाडी सेकंदाला साधारण किती वेळा खाली-वर हलेल तो. सर्व पाटे सारखे धरले आणि पाच पाटे १० सेंटिमीटर दबत असले, तर उत्तर सुमारे १.६ येते. पाटे सात केले तर तोच भार ७ सेंटिमीटरच दाबतो आणि उत्तर १.९ होते. आकडा वाढला म्हणजे धक्के अधिक वेगाने आणि अधिक तीव्रतेने वर पोचतात. विटांना त्याचे काही नाही. मूर्तीच्या बोटांना आणि सोंडेला आहे.

वळणावर काय घडते?

आता ठोकळ्याचा मार्ग पाहू. आमच्या विद्यार्थ्याचा मुद्दा असा होता : “पाटे तेच राहतात, कडकपणा तोच राहतो, मग बिघडते कुठे?”

आम्ही कागदावर गाडीची मागची बाजू काढली. सोपे आकडे घेतले. दोन चाकांतले अंतर १४० सेंटिमीटर. पोती उंच रचलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर. वळण घेताना गाडी बाहेरच्या चाकांवर कलंडू पाहते. ती कधी कलंडेल हे चाकांतल्या अंतराची निमपट भागिले गुरुत्वमध्याची उंची या गुणोत्तरावर ठरते. येथे ते ७० भागिले १००, म्हणजे ०.७ आहे. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या हे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट झाले, की आतली चाके उचलली जातात. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग येतो तासाला सुमारे ७३ किलोमीटर.

पुढे-मागे दोन्हीकडे गाडी १० सेंटिमीटर उचलली तर गुणोत्तर ०.६४ आणि वेग ७० किलोमीटरच्या जवळ. “तीनच किलोमीटर!” तो हसून म्हणाला. 

पण या गणितात गाडी दगडासारखी ताठ धरली आहे. प्रत्यक्षात वळणावर तिचा वरचा भाग बाहेर झुकतो आणि गुरुत्वमध्यही बाहेर सरकतो. ठोकळ्यांमुळे पाट्यांपासून भाराची उंची वाढते, तरफेची भुजा लांबते, म्हणून झुकणेही वाढते. समजा, आधी गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर सरकत होता आणि आता साडेसात सरकतो. मग ७० च्या जागी आधी ६५ होते, आता ६२.५ उरले, आणि त्याला भागायचे ११० ने. मर्यादेचा वेग ७० वरून ६६ च्या खाली येतो. ओला रस्ता, वळणातच आलेला खड्डा, समोरून गाडी आल्याने अचानक वळवलेले स्टिअरिंग, हे सर्व याशिवाय. चालकाची सवय मात्र जुन्या गाडीची असते. धोका त्या तीन-चार किलोमीटरांत नाही. तो गेल्या वर्षी निभावले तेच या वर्षीही निभावेल या विश्वासात आहे.

ब्रेकला भार कसा कळतो?

तोवर आमचे लक्ष गाडीखालच्या एका साध्या कांबीकडे गेले. मागच्या ॲक्सलपासून निघून ती चासीवरच्या एका छोट्या झडपेला जोडली होती. “ही कशाची?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “ब्रेकची आहे. ठोकळे बसवले की थोडी ताणली जाईल, एवढेच.”

खरे तर सगळा प्रश्न त्या कांबीत होता. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांकडे झुकतो. हौदा रिकामा असेल तर मागची चाके हलकी होतात. त्यांना पुरा ब्रेक लागला तर ती जाम होऊन घसरतात आणि गाडीचे शेपूट फिरते. हौदा भरलेला असेल तर मागच्या चाकांनीही ब्रेकचा मोठा वाटा उचलायला हवा. म्हणून अनेक पिकअपमध्ये भार ओळखणारी झडप असते. मेकॅनिक तिला एल.एस.पी.व्ही. म्हणतात. तिच्याजवळ वजनकाटा नसतो. चासी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर कमी झाले म्हणजे माल भरला, अंतर वाढले म्हणजे माल उतरला, एवढेच तिला कळते.

आता मध्ये १० सेंटिमीटरचा ठोकळा आला. हौदा विटांनी भरला, पाटे दबले, तरी अंतर पूर्वीच्या रिकाम्या गाडीइतकेच राहू शकते. झडप समजते की गाडी रिकामी आहे, आणि मागच्या ब्रेकचा दाब आखडता घेते. कर्नाळ्याच्या उतारावर भरलेली गाडी पुढच्याच ब्रेकांवर थांबवायची वेळ येते. अंगणात, सपाट जमिनीवर ब्रेक तपासताना यातले काहीच लक्षात येत नाही.

हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला.

अशी आणखीही ठिकाणे आहेत. ब्रेकच्या रबरी नळीची लांबी मूळ उंचीपुरती असते. शॉक ॲब्सॉर्बर ताणून बसतो आणि चाक खड्ड्यात उतरले की तोच आधी ओढला जातो. इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो. त्या शाफ्टच्या टोकाच्या सांध्यालाही हूकचा सांधा म्हणतात. पाट्यांचा नियम सांगणारा हूक तो हाच. हा सांधा वाकून फिरताना एका फेरीत दोनदा गती थोडी कमी-जास्त करतो. सहा अंशांच्या कोनात हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, बारा अंशांत दोन टक्क्यांहून अधिक. दोन टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा फरक दुसरा भरून काढतो. ठोकळा बसवताना ॲक्सल जरा जरी तिरका झाला तर ही जुळणी बिघडते, गाडी थरथरते आणि सांधे लवकर झिजतात. पुढच्या, वळणाऱ्या ॲक्सलखाली तर ठोकळा कधीच घालू नये.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. ही अट निव्वळ कागदी नाही, हे त्या कांबीवरून समजते.

वर्गात करून पाहा

एक वीट एका फळीवर आडवी, मग कडेवर, मग उभी ठेवा. घसरू नये म्हणून खाली पॉलिश पेपर लावा आणि फळी हळूहळू तिरपी करा. वीट कलंडते तो कोन मोजा. विटेची रुंदी भागिले उंची हे त्या कोनाच्या टॅन्जंटशी पडताळून पाहा. ०.७ म्हणजे सुमारे ३५ अंश, ०.६४ म्हणजे साडेबत्तीस, हेही मुलांना काढू द्या.

दुसरा प्रयोग पोलादी पट्टीचा. टेबलाच्या कडेला पट्टी दाबून धरा, बाहेरच्या टोकाला वजन टांगा आणि ते किती खाली आले ते मोजा. मग तशीच दुसरी पट्टी तिच्यावर ठेवून पुन्हा मोजा. वजन तेच ठेवा आणि आकडे मुलांनाच बोलू द्या.

मग त्या पिकअपचे काय झाले?

आम्ही टेप मागवला. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करून ॲक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. डावी बाजू उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली होती. रस्त्याच्या कडेचे खड्डे वर्षानुवर्षे डाव्याच चाकांनी सोसले होते. शेजारीच त्याच नमुन्याची, कमी चाललेली एक गाडी होती. तिच्याशी ताडून पाहिले तर याची गाडी सरासरी साडेचार सेंटिमीटर बसलेली निघाली. म्हणजे गाडी मुळात ठेंगणी नव्हतीच, तिचे पाटे थकले होते. कमान गेलेल्या पाट्यांखाली ठोकळा घालणे म्हणजे वाकलेल्या म्हाताऱ्याला उंच टाचांची पायताणे देण्यासारखे होते.

ठोकळे परत गेले. कार्यशाळेत त्याने कंपनीच्या मापाचे नवे पाटे आणि नवे यू-बोल्ट बसवून घेतले, झडपेची कांब तपासून घेतली, आणि काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. गेलेली उंची परत आली. माल भरण्याची पद्धतही त्याने बदलली : जड ते खाली आणि मूर्तींच्या फळ्यांचा एक थर कमी. त्यामुळे पेणची एक फेरी वाढली, याबद्दल तो अजून कुरकुरतो.

यंत्रातला एक भाग बदलण्यापूर्वी त्याच्या मापावर दुसरे कोण विसंबून आहे, हे विचारायला हवे. आणि त्याहीपूर्वी टेप काढून मोजायला हवे. आपल्या वर्गात निदान एका मुलाच्या घरी टेम्पो किंवा पिकअप असतेच. त्याला तिच्याखाली शिरू न देता, बाहेरूनच ती कांब शोधून दाखवायला सांगा.