कळा थांबवायचं औषध आणि बाळाचे पहिले दिवस

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरीच होतं. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी पुण्याहून किंवा नागपूरहून येते. तिची फाइल मात्र बरोबर येतेच असं नाही. अशात दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी त्या थांबवायचं औषध दिलं, की घरचे दोन गोष्टी विचारतात. आता नऊ महिने पूर्ण होतील ना? आणि या औषधाने बाळाला काही होणार नाही ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हांला जरा जपूनच सांगावं लागतं. ही औषधं साधारण ४८ तास मिळवून देतात, त्याहून अधिकाची खात्री नाही. पण हे दोन दिवस मोलाचे असतात. तेवढ्यात आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी हे १९७२ साली दाखवून दिलं. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात हलवायलाही वेळ मिळतो.

दुसऱ्याचं उत्तर औषधावर अवलंबून आहे. निफेडिपिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. तिचा बाळाला सहसा फारसा त्रास होत नाही. आयसॉक्सुप्रिन, टर्ब्युटालिन यांनी आईला धडधडतं आणि बाळाचेही ठोके वाढतात. शिवाय आईच्या रक्तातली साखर वाढते, म्हणून पोटातलं बाळ जास्त इन्शुलिन तयार करतं. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर थांबते, इन्शुलिन मात्र उरतं, आणि बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. नर्स बाळाच्या टाचेला सुई टोचून तपासते ती हीच साखर. आजीला ते बघवत नाही, पण तपासू द्यावं.

इंडोमेथासिनचं प्रकरण जास्त नाजूक. पोटात बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून रक्ताला फुप्फुसं टाळून नेणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. या औषधाने ती पोटातच आकसू शकते; बाळाची लघवी घटून गर्भजलही कमी होतं. म्हणून ते सहसा ३२ आठवड्यांच्या आतच आणि दोन दिवसांपुरतंच देतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही याचीच भावंडं. तेव्हा गरोदर मुलीची कंबर दुखली म्हणून घरच्या डब्यातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मॅग्नेशियम सल्फेट दिलं असेल तर बाळ थोडं सुस्त, ढिलं वाटतं, कधी श्वासाला मदत लागते. ३२ आठवड्यांच्या आत ते बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मुद्दाम देतात. पण पाच-सात दिवसांहून अधिक दिल्यास बाळाच्या हाडांवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला.

हे वाचून कोणी औषध नाकारू नये. फार लवकर जन्मण्याचा धोका बहुधा याहून मोठा असतो. मात्र बाळाच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता दिला, हे कळायलाच हवं. दवाखाना बदलताना ती चिठ्ठी मागून घ्या, आणि सासरची फाइल राहिली असेल तर तिच्या पानांचे फोटो आजच मागवून ठेवा.