रस्ता कुणाच्या नावावर?

म्हैसूर शहरातून कृष्णराजसागर धरणाकडे निघालं की मेटगळ्ळी लागते. टायरचा मोठा कारखाना, उद्योगवसाहत, पलीकडे शहराला वळसा घालणारा रिंगरोड. अशा भागात मालवाहू ट्रक कारखान्याच्या फाटकातून निघून राष्ट्रीय महामार्गाला लागेपर्यंत त्याच्या चाकांखालच्या रस्त्याचा धनी साधारणपणे दोनतीनदा बदलतो: कधी वसाहतीची यंत्रणा, कधी महापालिका, कधी सार्वजनिक बांधकाम खातं. ट्रकचं वजन मात्र बदलत नाही. आपल्याकडच्या वर्गवारीचा खरा दोष इथे आहे. रस्त्यावर भार किती पडतो यापेक्षा त्याचा खर्च कुणी उचलायचा, एवढंच ती पक्कं सांगते.

सुरुवात अशी नव्हती. 1927 साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. रस्ते सुधारणं प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर गेलं आहे, म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवून मध्यवर्ती निधी उभारावा, असं त्या समितीने सुचवलं आणि 1929 मध्ये तो उभा राहिला. म्हणजे आधी पैशाची सोय झाली. वर्ग ठरले त्यानंतर, 1943 साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही ती उतरंड. महाराष्ट्रातल्या दगडांवरचं ‘प्रजिमा’ हे गूढ अक्षरत्रय तिचंच अपत्य. पुढे राज्यघटनेने राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे ठेवले, उरलेले राज्यांकडे सोपवले. 2000 सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने ग्रामीण आणि राज्य रस्त्यांनाही इंधनावरच्या उपकरातून वाटा दिला, पण शहरातल्या रस्त्यांसाठी वेगळा हिस्सा राखला नाही. पेट्रोल भरताना उपकर मात्र शहरवासीही देतोच.

कुठेतरी सीमा आखावीच लागणार, आणि खड्डा कुठे पडला हे दिल्लीपेक्षा महापालिकेला आधी कळतं, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, खड्डा बुजवण्यापुरता. पण सीमा किती सहज सरकते, हे 2017 मध्ये दिसलं. महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर महाराष्ट्रासह काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढायला घेतला. वाहनं तीच, डांबर तेच. देखभालीचं ओझं तेवढं स्थानिक संस्थेच्या माथी.

रस्ता झिजतो तो अवजड आसांखाली. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या प्रयोगांतून अभियंत्यांनी काढलेला ठोकताळा असा, की आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. भार सुमारे तेरा टक्के वाढला, पण या ठोकताळ्याने हानी जवळजवळ 1.6 पट होते. ही मुभा सगळ्याच रस्त्यांवर चालते, कारखान्याच्या फाटकासमोरच्या नागरी रस्त्यावरही. केंद्राला मर्यादा वाढवण्याचा अधिकार आहेच. मग ट्रकवाहतुकीची आणि आसभाराची मोजणी करून त्या प्रमाणात देखभालीचा पैसाही केंद्रीय निधीतूनच द्यायला हवा, रस्ता कुणाच्याही नावावर असो.