सगळी टोकं एका दिशेला

सांडलेल्या आगकाड्या घाईघाईने पेटीत भरल्या, की त्या समांतर बसतात. पण गुलाची टोकं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. टीव्हीच्या पडद्यातल्या द्रवस्फटिकाचं असंच असतं. काडीसारखे रेणू साधारण एका रेषेत, तरी पदार्थ वाहता. या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात.

रेणूंची टोकं विद्युतदृष्ट्या पुरेशी जबर असतील, तर द्रवातही ती आपोआप एका दिशेला वळतील, असं भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांनी १९१६मध्ये मांडलं. प्रत्यक्षात उलटच दिसत राहिलं. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेल्या ‘५सीबी’ या रेणूच्या एका टोकाला सायनो गट आहे, म्हणजे ध्रुवीयता भरपूर. पण शेजारी ठेवलेल्या दोन चुंबकपट्ट्यांसारखे हे रेणू उलटसुलट जोडीने बसतात आणि एकमेकांचा प्रभाव पुसतात. ध्रुवीयता वाढवावी, तर जोडीच घट्ट व्हायची.

कोंडी फुटली २०१७मध्ये. यॉर्क विद्यापीठातून ‘आरएम७३४’ हा रेणू आला, जपानच्या क्युशू विद्यापीठातून ‘डीआयओ’. आरएम७३४मध्ये बेंझीनची तीन कडी दोन एस्टर-बंधांनी जोडलेली. एका टोकाला नायट्रो, दुसऱ्याला मेथॉक्सी गट. द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयतेचं माप, सुमारे ११ डिबाय. पाण्याच्या रेणूचं १.८५. शिवाय मेथॉक्सी टोकाच्या कड्याला आणखी एक मेथॉक्सी आडवा फुटलेला. हा रेणू नुसता दोन टोकांचा चुंबक मानून चालत नाही; त्याच्या लांबीवर धन-ऋण भार लाटेसारखे आलटून पालटून येतात. बंगळूरूचे एन. व्ही. मधुसूदन यांनी २०२१मध्ये याच कल्पनेवर प्रारूप मांडलं: शेजारचा रेणू त्याच दिशेने, पण किंचित सरकून उभा राहिला, की याच्या धनभारासमोर त्याचा ऋणभार येतो. उलटं बसण्याची गरजच उरत नाही.

आरएम७३४ सुमारे १८८ अंश सेल्सियसखाली नेमॅटिक होतो आणि १३३ अंशांच्या आसपास दुसऱ्याच नेमॅटिक अवस्थेत उतरतो. ही दुसरी अवस्था काय, याचा उलगडा २०२०मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या गटाने केला. काचेच्या पातळ पेटीत नमुना भरून त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. विद्युतक्षेत्र नसतानाही विरुद्ध दिशांचे पट्टे दिसले. सेंटिमीटरला जेमतेम एक व्होल्टचं क्षेत्रही त्यांना हलवायला पुरत होतं.

पण नुसतं दिसणं पुरेसं नाही, ते मोजावं लागतं. व्होल्टेजची दिशा उलटवली, की सगळे रेणू कूस बदलतात आणि तेवढ्या क्षणापुरता विद्युतप्रवाह उसळतो. आलेखावरच्या त्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे सरकलेला भार. त्याला इलेक्ट्रोडच्या क्षेत्रफळाच्या दुपटीने भागलं, की ध्रुवीकरण मिळतं. आकडा आला चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ मायक्रोकूलोंब. जवळजवळ सगळे रेणू एका दिशेला असल्याशिवाय इतका येत नाही.

डीआयओतही अशीच अवस्था दिसत होती, पण त्याची घडण वेगळी: डायॉक्सेनचं कडं, फ्लोरिनचे अणू. मग दोन्हींची अवस्था एकच कशावरून? इथे जुनी, स्वयंपाकघरातली वाटावी अशी कसोटी कामी आली. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाहिले. कुठेही फाटलं नाही. ती अवस्था एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग राहिली.